चुऱ्याचा हिशेब

1962 साली इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या राइटिंग्टन रुग्णालयात एक फिरता विक्रेता आला. डॉक्टरांशी त्याचं काम नव्हतं. रुग्णालयाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणाऱ्या हॅरी क्रेव्हन नावाच्या तंत्रज्ञाला त्याला एक प्लॅस्टिक खपवायचं होतं. जर्मनीत तयार होणारं, पांढरट, हाताला मेणचट लागणारं. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागाची दातेरी चाकं त्याची करत. क्रेव्हनने नमुना ठेवून घेतला आणि साहेबांना दाखवला. साहेबांनी तो मनावर घेतला नाही. पुढे साहेब कोपनहेगनला गेले तेव्हा क्रेव्हनने झीज मोजायच्या यंत्रावर तो तुकडा चढवला आणि यंत्र चालू ठेवून दिलं. आधीचं प्लॅस्टिक चोवीस तासांत जितकं झिजायचं तितकं हे तीन आठवड्यांतही झिजलं नाही.

साहेब म्हणजे जॉन चार्नली. आजच्या सांधेबदल शस्त्रक्रियेचे जनक. आज पुण्यात, मिरजेत किंवा मडगावला कुणाचा गुडघा बदलतात तेव्हा वरच्या आणि खालच्या धातूच्या मध्ये जी पांढरी चकती बसवतात, ती त्याच मागाच्या चाकाच्या प्लॅस्टिकची. तिचं पूर्ण नाव अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिएथिलीन. दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिकही पॉलिएथिलीनच, पण त्या कुळातलं अगदी गरीब भावंड. इथे एकेका रेणूचं वजन वीस लाखांच्या पुढे जातं. तापवलं तरी ते पाण्यासारखं वाहत नाही, त्यामुळे साच्यात ओतता येत नाही. भुकटी दाबून, तापवून ठोकळा करायचा आणि लेथवर कोरायचा.

साठ वर्षांत या चकतीला हटवायचे नाना प्रयत्न झाले. धातू आले, चिनी मातीचे दूरचे नातेवाईक आले, कार्बनचे धागे आले. चकती हटली नाही. ती सुधारली मात्र, आणि ती सुधारेपर्यंत असंख्य माणसांची हाडं आतून पोखरली गेली. आपल्याकडे सांधेबदलाच्या जाहिराती बघाव्यात तर त्यांत सगळा झगमगाट धातूचा. टायटॅनियम, सोनेरी मुलाम्याचा गुडघा, तीस वर्षं टिकणारा गुडघा. रुग्ण आणि नातेवाईकही 'धातू कुठला' एवढंच विचारतात. झिजतं ते मधलं प्लॅस्टिक, पण त्याची चौकशी कुणी करत नाही.

चार्नली सुरुवातीला झिजेच्या मागे नव्हतेच, ते घर्षणाच्या मागे होते. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी 1946 मध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याजागी ॲक्रिलिकचा गोळा बसवायला सुरुवात केली होती. तसा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्नलींकडे आला. तो पुढे वाकला की खुब्यातून करकर आवाज यायचा, आणि बायकोला त्याच्यासोबत जेवायला बसणं नकोसं झालं होतं. दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. चार्नलींनी त्या करकरीचं कारण शोधलं. नैसर्गिक कूर्चा बर्फावर बर्फ घसरावा त्याहून निसरडी असते. तिच्या जागी घासणारं काही बसवलं की प्रत्येक पावलाला गोळ्याला हिसका बसतो आणि तो हाडातून सुटत जातो. मग उपाय सरळ होता: मिळेल ते सर्वांत निसरडं प्लॅस्टिक घ्यायचं. ते होतं टेफ्लॉन.

1958 ते 1962 या काळात त्यांनी सुमारे 300 रुग्णांना टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या. काठीच्या आधाराने आलेली माणसं चालत घरी गेली. पहिली काही वर्षं सगळे खूश. मग एक्स-रेमध्ये दिसू लागलं की पोलादी गोळा वाटीत वर वर सरकतोय. टेफ्लॉन निसरडं होतं, पण मऊ. त्याचा चुरा सांध्याभोवती साचून गाठी झाल्या. घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असं चार्नलींनीच काय, सगळ्यांनीच धरून चाललं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नसतो हे कळायला तीनशे माणसांचे खुबे खर्ची पडले. एकेकाला पुन्हा टेबलावर घ्यायची वेळ आली.

क्रेव्हनचा तुकडा आला तो नेमका या काळात. पण एकदा पोळलेले चार्नली आता नुसत्या यंत्राच्या आकड्यांवर विसंबणार नव्हते. त्यांनी टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन दोन्हींचा चुरा स्वतःच्या मांडीत घालून घेतला. नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी टणक गाठी हाताला लागत होत्या. पॉलिएथिलीनची जागा जेमतेम सापडत होती. 1963 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी हे छापलं. त्याआधीच, नोव्हेंबर 1962 मध्ये, नव्या प्लॅस्टिकची पहिली वाटी एका रुग्णाच्या खुब्यात बसली होती. वाटीत बसणारा गोळा त्यांनी मुद्दाम लहान ठेवला, साधारण 22 मिलिमीटर व्यासाचा. हाडात वाटी घट्ट बसवायला दंतवैद्य वापरतात ते ॲक्रिलिक घेतलं. ती सूचना मँचेस्टरच्या डेनिस स्मिथ या दंतसाहित्याच्या अभ्यासकाची.

यानंतर चार्नलींनी जे केलं ते मला शोधापेक्षाही मोठं वाटतं. त्यांनी माल बाजारात सोडला नाही. लीड्सची थॅकरे कंपनी त्यांच्यासाठी हे सांधे बनवत होती. राइटिंग्टनला येऊन शिकून गेलेल्या सर्जनांनाच ते सांधे मिळत. टेफ्लॉन तीन-चार वर्षांत उघडं पडलं, मग याला निदान तेवढा वेळ तरी द्यायला हवा, असा त्यांचा रोकडा हिशेब होता. शिवाय ते आपल्या रुग्णांना सांगत, तुम्ही गेल्यानंतर तो सांधा आम्हाला परत द्या. अनेकांनी दिला. माणसाच्या शरीरात पंधरा-वीस वर्षं चाललेली वाटी कापून, मोजून पाहणं हे यंत्रावरच्या कुठल्याही चाचणीहून खरं. पुढच्या काळात हे भान सुटत गेलं, आणि प्रत्येक वेळी किंमत रुग्णांनीच मोजली.

पॉलिएथिलीन थोडं झिजायचंच. वर्षाला एक दशांश, दोन दशांश मिलिमीटर. या वेगाने एक सेंटिमीटर जाडीची वाटी पन्नास वर्षं पुरायला हवी. गणित बरोबर होतं. फक्त ती झीज जाते कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं.

1976 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे सर्जन विल्यम हॅरिस यांनी काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या कृत्रिम खुब्याभोवती मांडीच्या हाडात मोठमोठी भगदाडं पडली होती. एक्स-रे पाहून आधी कर्करोगाची, मग जंतुसंसर्गाची शंका आली. दोन्ही नव्हतं. हाड नाहीसं होत होतं, आणि पुष्कळदा दुखतसुद्धा नव्हतं. सांधा हलायला लागेपर्यंत किंवा चालता चालता हाड मोडेपर्यंत रुग्णाला पत्ता नसायचा.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या भगदाडांतल्या ऊतीत सिमेंटचे, म्हणजे त्या ॲक्रिलिकचे कण सापडले. झालं. 'सिमेंट डिसीज' असं नाव पडलं आणि अख्खं क्षेत्र सिमेंटला हद्दपार करायच्या कामाला लागलं. धातूचा पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र करायचा, हाड त्यात आपोआप वाढेल आणि सिमेंटची गरजच उरणार नाही, अशी नवी रचना आली. ती चांगली निघाली, आजही चालते. पण त्या बिनसिमेंटच्या सांध्यांभोवतीही हाड विरघळतच राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गेली होती. खरा चोर होता पॉलिएथिलीनचा चुरा, मायक्रॉनहूनही बारीक. साध्या सूक्ष्मदर्शकात तो दिसतच नव्हता. प्रत्येक पावलागणिक असे लाखो कण सुटतात असा अंदाज पुढे मांडला गेला. चालती-फिरती व्यक्ती वर्षाला एका पायावर दहा लाखांच्या आसपास पावलं टाकते. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी हे कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. न पचलेल्या कणांनी बेजार झालेल्या पेशी रासायनिक हाकाटी करतात, आणि ती ऐकून हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. त्या प्लॅस्टिकला हात लावत नाहीत. भोवतालचं निरोगी हाड खातात.

म्हणजे टिकाऊ सांध्याचा प्रश्नच बदलला. वाटी किती वर्षांत संपेल हा तो राहिला नाही. तिचा चुरा किती आणि केवढा बारीक, हा झाला.

यातच आणखी एक गोंधळ शिजत होता, तो कारखान्यात. सांधा पाकिटात बंद करून त्यावर गॅमा किरण सोडायचे, म्हणजे जंतू मरतात, ही रीत 1960 च्या दशकाअखेरीपासून रुळली होती. पद्धत स्वच्छ आणि स्वस्त. आपल्याकडेही तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'आयसोमेड' संयंत्रात 1974 पासून वैद्यकीय साहित्य असं निर्जंतुक केलं जातं. सुती गॉज आणि इंजेक्शनच्या सुयांना त्याने काही होत नाही. पॉलिएथिलीनला होतं. किरणांनी लांबलचक रेणू तुटतात, तुटलेली टोकं मोकाट राहतात, आणि पाकिटात हवा असली की प्राणवायू त्यांना चिकटतो. प्लॅस्टिक आतून ठिसूळ होत जातं. हे माणसाच्या शरीरात गेल्यावरच होतं असंही नाही, दुकानदाराच्या फळीवर पाकीट पडून असतानाही होतं. चार-पाच वर्षं फळीवर राहिलेली चकती काढून तिचा पातळ काप घेतला तर पृष्ठभागाच्या जरा खाली एक पांढरा पट्टा दिसतो. वरून चकती नवीकोरी, आत कुजलेली. गुडघ्यात हे जास्त नडलं. खुब्यात गोळा वाटीत सगळीकडून टेकतो, भार वाटला जातो. गुडघ्यात वरचा धातूचा भाग चकतीवर अगदी लहानशा जागेत टेकून लोळतो आणि घसरतो, त्यामुळे त्या पांढऱ्या पट्ट्याशी चकतीचे पापुद्रे सुटायचे. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर हे असंच चाललं होतं. मग पाकिटातली हवा काढून नायट्रोजन भरायला सुरुवात झाली. केवढीशी गोष्ट, आणि त्याला पंचवीस वर्षं लागली.

गंमत अशी की ज्या किरणांनी चकती बिघडवली त्यांनीच ती पुढे वाचवली.

पॉलिएथिलीनचे रेणू म्हणजे शिजवलेल्या शेवयांचा गुंता. एकमेकींत अडकलेल्या, पण सुट्या. गोळा एकाच दिशेने पुढे-मागे घासत राहिला तर शेवया त्या दिशेने सरळ होतात आणि उलट मजबूत होतात. पण आपला खुबा एकाच रेषेत चालत नाही. पाऊल टाकताना तो जरासा वळतो, बाहेर झुकतो. सरळ झालेल्या शेवयांना आडवा झटका बसतो आणि त्या तुटून निघतात. हे लक्षात यायला 1990 चं दशक उजाडावं लागलं. तोवरची अनेक झीजयंत्रं पुढे-मागे एवढंच घासत होती आणि खऱ्या झिजेच्या कित्येक पट कमी झीज दाखवत होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं, त्याला विचारलेला प्रश्न चुकला होता. हॅरिस यांच्याच प्रयोगशाळेने आडव्यातिडव्या हालचालीचं महत्त्व दाखवून दिलं, आणि तिथून पुढचा रस्ता सुचला. शेवया एकमेकींना जागोजागी जोडून टाकल्या तर आडवा झटका त्यांना ओढून काढू शकणार नाही. जोडायच्या कशाने? किरणांनीच, पण निर्जंतुक करण्यासाठी वापरतात त्याच्या दुप्पट-तिप्पट मात्रेने, आणि नंतर प्लॅस्टिक वितळेपर्यंत तापवून, म्हणजे मोकाट टोकं एकमेकांत मिटून जातील.

हॅरिस आणि शेजारच्याच एमआयटीतले पॉलिमरतज्ज्ञ एडवर्ड मेरिल यांनी हे घडवून आणलं. पुढच्या कामात ओरहुन मुरातोग्लू यांचा मोठा वाटा. कॅलिफोर्नियात हॅरी मॅकेलॉप यांचा गट त्याच दिशेने चालला होता. खरं तर ओसाकाचे हिरोनोबू ओओनिशी आणि दक्षिण आफ्रिकेतले ग्रोबलार यांनी 1970 च्या दशकातच किरणांनी जोडलेल्या वाट्या रुग्णांना बसवल्या होत्या. त्यांच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. अमेरिकेबाहेर वीस वर्षं पडून राहिलेले असे पुरावे ही वैद्यकातली जुनीच गोष्ट. अमेरिकेत अशा पॉलिएथिलीनला 1998-99 च्या सुमारास परवानगी मिळाली. यंत्रावर झीज नव्वद टक्क्यांच्या आसपास घटली होती. पण यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही एवढं आता सगळे शिकले होते.

त्यातही फुकट काही मिळत नाही. शेवया जोडल्या की चकती झिजत कमी, पण चिवटपणा जातो. कडेला भेग पडली तर ती पळत सुटते. वितळवून तापवावं तर ताकद आणखी घटते, न वितळवावं तर मोकाट टोकं उरतात. मग 2000 नंतरच्या दशकात मुरातोग्लू आणि एब्रू ओराल यांनी ई जीवनसत्त्व आत मुरवायची युक्ती काढली. मोकाट टोकांशी तेच भिडतं, वितळवायची गरज उरत नाही. तेलातुपात असतं तेच हे ई जीवनसत्त्व. ते मुरवलेली चकती किंचित पिवळसर दिसते. पूर्वी पिवळेपणा बिघाडाची खूण होती, आता तो चांगल्या मालाची खूण झाला. प्लॅस्टिकच्या नशिबी असले विनोद असतात.

चकतीला पर्याय काढायचे उद्योग या सगळ्या काळात जोरात होते. त्यांतले काही नुसते फसले. कार्बनचे धागे घातलेलं पॉलिएथिलीन आलं आणि गेलं. 'हायलामर' नावाचं जास्त स्फटिकमय पॉलिएथिलीन 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला गाजावाजा करत आलं आणि जुन्याहून वाईट निघालं. सिरॅमिकची कथा जरा वेगळी. फ्रान्समधल्या पो शहरात पिएर बुताँ यांनी 1970 मध्ये ॲल्युमिनाचा गोळा ॲल्युमिनाच्याच वाटीत बसवला. झीज जवळजवळ नाहीच. पण माल ठिसूळ, फुटला की काचेसारखे तुकडे. मग जास्त चिवट म्हणून झिर्कोनिया आला. एका फ्रेंच कारखान्याने 1998 मध्ये भट्टी बदलली. एकेक घाणा भाजायच्या भट्टीऐवजी सरकत्या बोगद्याची भट्टी आली. माल तोच, नकाशा तोच. त्या भट्टीतल्या काही लॉटमधले गोळे रुग्णांच्या खुब्यात फुटू लागले आणि 2001 मध्ये सगळे परत बोलवावे लागले. भट्टीतल्या तापमानाचा चढ-उतार बदलला तर माणसाचा पाय जाऊ शकतो, हे त्या अभियंत्यांना कुणी आधी सांगितलं असतं तर पटलं नसतं. आजचं सिरॅमिक ॲल्युमिना आणि झिर्कोनियाचं मिश्रण आहे. त्यातला झिर्कोनियाचा कण भेग जवळ आली की आपली स्फटिकरचना बदलून साधारण चार टक्के फुगतो आणि भेगेचं तोंड दाबून टाकतो. एकट्या झिर्कोनियाचा जो दोष, तोच मिश्रणात गुण झाला. त्यातल्या क्रोमियममुळे हे गोळे गुलाबी दिसतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हिरव्या कापडावर तो गुलाबी गोळा फारच खेळण्यातला वाटतो.

धातूवर धातूची कथा मात्र आपल्या दारापर्यंत आली.

चुऱ्याचा सगळा दोष प्लॅस्टिकचा, तर प्लॅस्टिकच काढून टाकू, या विचाराने कोबाल्ट-क्रोमचा गोळा कोबाल्ट-क्रोमच्याच वाटीत बसवायची जुनी कल्पना 1990 च्या दशकात पुन्हा वर आली. बर्मिंगहॅमचे डेरेक मॅकमिन यांची रचना नीट चालली. ते पाहून जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू या कंपनीने 'एएसआर' नावाचा खुबा काढला. त्याची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती. जरा कलती बसली तरी गोळा तिच्या काठावर घासायचा, आणि धातूचा चुरा सुटायचा. हा चुरा प्लॅस्टिकच्या चुऱ्याहून कितीतरी बारीक, त्यातून रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम उतरणार. सांध्याभोवती मांसपेशी मेल्या, पू नसलेल्या पण गळवांसारख्या पिशव्या झाल्या. यंत्रावर हा खुबा उत्तम होता, कारण यंत्रावर वाटी अचूक कोनात बसवलेली असते. टेबलावर सर्जनच्या हातून ती पाच-दहा अंशांनी इकडेतिकडे होणारच, आणि तेवढी चूक पोटात घेऊ न शकणारी वस्तू रुग्णासाठी बनवायची नसते.

या खुब्याचं बिंग फोडलं ते ऑस्ट्रेलियाच्या सांधेनोंदणीने. तिथे 1999 पासून बसवलेल्या प्रत्येक सांध्याची आणि पुन्हा कराव्या लागलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद ठेवली जाते. इतर खुब्यांच्या मानाने एएसआर लवकर काढावा लागतोय हे 2007 मध्येच त्या नोंदीत दिसू लागलं होतं. 2009 च्या अखेरीस कंपनीने तो ऑस्ट्रेलियातून मागे घेतला. जगातून मागे घेतला ऑगस्ट 2010 मध्ये. तोवर सुमारे 93,000 रुग्णांना तो बसला होता. पाच वर्षांत आठातल्या एकाला पुन्हा शस्त्रक्रिया, असा तेव्हाचा हिशेब होता.

भारतात असे सुमारे 4,700 खुबे बसले. ते कुणाकुणाला बसले? याचं उत्तर देता येत नव्हतं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली, दिल्लीला लिहिलं. तरीही केंद्र सरकारने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली ती 2017 मध्ये, म्हणजे खुबा परत बोलवल्यानंतर सात वर्षांनी. समितीने किमान 20 लाख रुपयांच्या भरपाईची शिफारस केली. पण बहुसंख्य रुग्णांचा पत्ताच लागत नव्हता. भरपाई कुणाला द्यायची ते माहीत नाही, अशी ती भरपाई. त्यांतले कित्येक आजही लंगडत असतील आणि वयाला दोष देत असतील.

स्वीडनने गुडघ्यांची नोंदणी 1975 मध्ये आणि खुब्यांची 1979 मध्ये सुरू केली. इंग्लंडने 2003 मध्ये. टिकाऊपणाबद्दल आज जे काही खात्रीने सांगता येतं ते या वह्यांमुळे. क्रेव्हनच्या यंत्राची जागा आता लाखो माणसांच्या पायांनी घेतली आहे. ऑस्ट्रेलियाच्या नोंदीनुसार, जोडलेल्या शेवयांचं पॉलिएथिलीन बसवलेल्या खुब्यांपैकी सोळा वर्षांत 6.2 टक्के पुन्हा करावे लागले, जुन्या पॉलिएथिलीनचे 11.7 टक्के. हॅरिस यांना उत्तर मिळालं ते असं, आणि मिळायला जवळजवळ वीस वर्षं लागली. गुडघ्यात तोच फायदा इतका ठळक दिसत नाही, कारण गुडघ्याची दुखणी वेगळी. 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका मोठ्या पाहणीत 25 वर्षांनंतर साधारण 58 टक्के खुबे आणि 82 टक्के गुडघे शाबूत होते. आता यात एक मेख आहे. पंचवीस वर्षांचा आकडा नेहमी पंचवीस वर्षांपूर्वीच्या मालाचा असतो. आज बसवलेल्या चकतीचा तसा आकडा कुणाकडेच नाही. 'तीस वर्षांचा गुडघा' हा यंत्रावर साडेचार कोटी वेळा हलवलेला गुडघा आहे. तो बनवणाऱ्या कंपनीची झिर्कोनियमच्या धातूवर काळा सिरॅमिक थर चढवायची करामत खरोखर चांगली आहे, धातूपासून तो थर उगवलेला असतो, वरून फासलेला नसतो. पण यंत्र जिना चढताना पडत नाही, त्याला मधुमेह नसतो आणि ते मांडी घालून जेवायला बसत नाही.

मांडीचा प्रश्न आपला स्वतःचा. पाश्चात्त्य गुडघा खुर्चीसाठी घडलेला. 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जो 'टोटल कॉन्डायलर' गुडघा तयार झाला, ज्याच्या वळणावर आजचे बहुतेक गुडघे बेतलेले आहेत, त्यात जॉन इन्सॉल यांच्याबरोबर चित्तरंजन राणावत होते. मुंबईकरांना राणावत आठवतील ते ब्रीच कँडीमुळे. ऑक्टोबर 2000 मध्ये आणि पुन्हा जून 2001 मध्ये पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे त्यांनी तिथे बदलले. वर्तमानपत्रांनी तेव्हा गुडघ्याची चित्रं काढून काढून अख्ख्या महाराष्ट्राला ही शस्त्रक्रिया समजावली होती. पुण्यात डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय गुडघ्याची मापं आणि जास्त वाकवायची गरज डोळ्यांपुढे ठेवून 'इंडस' गुडघा बनवला. पण गुडघा जितका जास्त वाकतो तितकी धातूची मागची कड चकतीच्या मागच्या काठावर दाबली जाते. वाकणं हवं आणि टिकणंही हवं, अशी ही ओढाताण आहे. डॉक्टर 'खाली बसू नका' म्हणतात ते उगीच नाही.

आणि पैसे. 16 ऑगस्ट 2017 रोजी राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्यांच्या कमाल किमती बांधल्या. तोवर सरासरी दीड लाखाच्या पुढे विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा 54,720 रुपयांवर आला, अडीच लाखांच्या घरातला टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचा 76,600 वर. सामान्य माणसाला यातून मोठा दिलासा मिळाला, यात वाद नाही. पण आदेशातला तक्ता नीट वाचला तर एक ओळ अडकते. धातूच्या भागांना धातूप्रमाणे वेगवेगळे भाव. मधल्या चकतीला मात्र एकच: 9,550 रुपये, माल कुठलाही असो. ई जीवनसत्त्वाची असो की जुन्या वळणाची साधी. चांगली चकती आणण्यात कंपनीला भावाचं काही बळ नाही, आणि बसवण्यात रुग्णालयालाही. साठ वर्षांचा सगळा इतिहास ज्या भागाभोवती फिरला, त्याच्या दर्जाला त्या तक्त्यात रकानाच नाही. माझ्या मते त्या आदेशातली ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती कुणाच्या वाईट हेतूने झालेली नाही. धातू चमकतो, प्लॅस्टिक चमकत नाही, एवढंच.

माझ्या आत्याचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. मी तिच्याकडे फाइल मागितली तर ती म्हणाली, "अरे, टायटॅनियमचे आहेत, मी विचारून घेतलंय." फाइलच्या शेवटच्या पानावर चिकटवलेले स्टिकर होते, गुडघ्यामागे चार. प्रत्येकावर कंपनीचं नाव, भागाचा क्रमांक, लॉट क्रमांक, माप, मुदत. चकतीच्या स्टिकरवर जाडी 10 मिलिमीटर. निर्जंतुक केल्याच्या चौकटीत 'आर' असेल तर किरणांनी, 'ईओ' असेल तर इथिलीन ऑक्साइड वायूने. तिच्या चकतीवर 'ईओ' होतं. टायटॅनियम होतं ते फक्त खालच्या तबकडीत. वरचा भाग कोबाल्ट-क्रोमचा.

हे स्टिकर म्हणजे आपल्याकडची सांधेनोंदणी. सर्जनांच्या संघटनेची नोंदणी आहे, पण ती ऐच्छिक. वैद्यकीय उपकरणांपासून झालेल्या अपायाची खबर घेणारी केंद्र सरकारची योजना 2015 मध्ये सुरू झाली, उपकरणांचे स्वतंत्र नियम 2018 पासून लागू आहेत. मात्र भरती झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरने किती काळ जपावेत याचा 2002 चा नियम तीन वर्षांचा आहे. गुडघा वीस वर्षांचा, कागद तीन वर्षांचे. पुढे कधी चकती झिजली आणि धातूचे भाग पक्के असले, तर फक्त चकती बदलून भागू शकतं, शस्त्रक्रिया लहान, खर्च थोडा. पण त्यासाठी त्याच कंपनीची, त्याच मापाची चकती आणावी लागते, आणि कंपनी कुठली हेच ठाऊक नसेल तर चांगले बसलेले धातूही उपटून काढायची पाळी येऊ शकते.

स्टिकरवरची छपाई फिकट होत चालली होती, विशेषतः डाव्या गुडघ्याची. कोपऱ्यावरच्या दुकानातून तीन झेरॉक्स काढल्या. एक फाइलमध्ये, एक आतेभावाकडे, एक माझ्याकडे. लॉट क्रमांकातला एक आकडा तीन आहे की आठ ते झेरॉक्समध्ये नीट उमटत नव्हतं, म्हणून तो भिंग लावून पाहिला आणि बाजूला पेनने लिहून ठेवला. आठ आहे.